एका टाचणीभोवती

"हौसाबाई, टाचणी कुठाय?"

"मला काय ठावं? मघा तर पुठ्ठ्यातच रुतवलेली व्हती."

"शबाना?"

"मी नाही बाई. माझं फूल झालं, मी पुठ्ठा पुढे सरकवला. तेव्हा होती."

पुठ्ठा माझ्या मांडीवर होता. मधोमध भोक तेवढं दिसत होतं. मी पुठ्ठा उलटा करून झटकला, बटर पेपरचे कपटे एकेक उचलून पाहिले, सतरंजी झाडली, पदर झाडला, पिठाच्या खळीच्या वाटीत बोट घालून ढवळलं. टाचणी नाही म्हणजे नाही. 

आता तुम्ही म्हणाल, एका टाचणीचं ते काय एवढं! घरात दहा हरवतात आणि दिवाळीच्या साफसफाईत वीस सापडतात. अहो, पण ते घर नव्हतं आणि शाळाही नव्हती. तो जिल्ह्याच्या तुरुंगातला बायकांचा विभाग होता, आणि ती टाचणी फाटकावर दाखवून, मोजून आत आणलेली होती. एक आत गेली की एक बाहेर आलीच पाहिजे.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे गणित शिकवायला जात असे. मुक्त शाळेतून दहावीला बसणाऱ्या पाच बायका, बराकीची पडवी, एक सतरंजी, एवढाच वर्ग. मी मूळची भित्री. पाल दिसली तर स्वयंपाक टाकून पळणारी. पहिल्या दिवशी ते लोखंडी फाटक माझ्यामागे बंद झालं तेव्हा मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. पण एकदा शिकवायला लागले की माझी भीती कुठल्या कुठे जाते, तोंडाचा पट्टा सुरू होतो. त्या बायकांनाही माझी बडबड आवडत असावी.

तिथे कात्री नाही, कंपास नाही, धातूची पट्टी नाही. आकृती कापायची तर घडी घालायची, नखाने दाबायची, घडीवर ओलं बोट फिरवायचं आणि हळूच फाडायचं. तेवढ्यावर आमचा कोन झाला, त्रिकोण झाला, चौकोन झाला. पण आकृती फिरवायचा धडा आला आणि गाडी अडली. फिरवायचं म्हणजे एक जागा अशी लागते जी हलत नाही. बोटाने दाबून धरलं की बटर पेपर घसरायचा, आणि चार पाकळ्यांचं फूल व्हायचं तिथे कोबीचा गड्डा व्हायचा.

मग मी तुरुंगाधिकारी बोरगावे मॅडमांकडे हट्ट धरला. एक टाचणी द्या. त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा मागितली. शेवटी वैतागून म्हणाल्या, "एक. फक्त एक. येताना फाटकावर दाखवायची, जाताना दाखवायची. आणि नेर्लेकर बाई, ती जर आत राहिली तर तुमचा वर्ग तिथेच बंद. आणि सगळ्या बराकीची झडती. झडती म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल, तुमच्या विद्यार्थिनींना विचारा."

मी विचारलं होतं. हौसाबाईने सांगितलं होतं आणि सांगताना खाली बघत होती. हौसाबाई एरवी कुणाच्या बापासमोर खाली बघायची नाही.

तर ती एकमेव टाचणी आता नव्हती, आणि संध्याकाळची गिनती व्हायला फार वेळ उरला नव्हता. गिनतीला सगळ्या बायका रांगेत बसणार, डोकी मोजली जाणार, मग बराकीला कुलूप. त्याच्या आधी मला फाटकावर टाचणी दाखवायची होती.

"मंदोदरी कुठाय?" मी विचारलं.

 तिचा पिठाळ, सुरकुतलेला कागद जागेवरच होता.

"पानी प्यायला गेली आसंल," हौसाबाई म्हणाली. पण तिच्या आवाजातच मला कळलं की तिच्याही मनात तेच आलंय जे माझ्या मनात आलं होतं.

मंदोदरी पंचविशीची असेल. दिराच्या खुनाचा खटला तिच्यावर चालू होता. वरवंटा घातला म्हणत. का घातला ते सगळ्या बराकीला ठाऊक होतं आणि कोर्टाला अजून ठरवायचं होतं. तिच्याबरोबर तिची मुलगी होती, रेणुका. दीड वर्षाची असताना आईच्या कडेवर बसून आत आली, ती आतच चालायला आणि बोलायला शिकली. कुत्रं आणि आगगाडी तिने फक्त माझ्या कागदावर पाहिलेली. नियम असा की मूल सहा वर्षांचं झालं की आईजवळ ठेवत नाहीत. नातेवाईक नेतील तर नेतील, नाहीतर बालगृहात. सासर-माहेर दोन्हीकडून नकार आला होता. तो दिवस शुक्रवार होता, आणि सोमवारी बालगृहाची माणसं रेणूला न्यायला येणार होती.

आणि मंगळवारी, वर्ग सुटताना, मी मंदोदरीला म्हणाले होते, "शुक्रवारी आकृत्या, उरलेली गणितं पुढच्या मंगळवारी बघू." तेव्हा ती म्हणाली, "सोमवारनंतर माझं काय काम हाय बाई?"

एवढंच म्हणाली होती. रडली नाही, काही नाही. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, दुःखात माणूस बोलतं काहीबाही. पण मागच्या पावसाळ्यात त्याच बराकीत एका बाईने बांगडीच्या काचेने स्वतःचं काय करून घेतलं, ते मला ठाऊक होतं. तेव्हापासून आत बांगड्याही प्लास्टिकच्या. आणि मी शहाणी तिथे लांब, पोलादी, टोकदार टाचणी घेऊन गेले होते! हट्ट करून!

"झालं का हो बाई?" पडवीच्या टोकाला स्टुलावर बसलेल्या शिपाई वैजयंता शेळके ओरडल्या.

"पाच मिनिटं! खळ वाळतेय!"

हे मी कसं बोलले ते माझं मलाच कळलं नाही.  भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. वैजयंताबाई नुसत्या उठून उभ्या राहिल्या तरी मला वाटे, टाचणीच मागायला आल्या.

"बाई, सांगून टाका," शबाना कुजबुजली. "तिने काय केलं तर? आपण सगळ्या गोत्यात येऊ."

"सांगितलं तर काय हुईल ठावं हाय का तुला?" हौसाबाई तिच्यावर फिस्कारली. "तिला येकटीला कोंडतील. आन् पोरगी आजच्या आज काढून घेतील हातातनं. सोमवारचं दोन दिवस हायेत, तेबी जातील. मंग तर ती करायची नसली तरी करंल!"

"आणि नाही सांगितलं आणि तिने आत्ताच..."

"गप!"

दोघींचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. सांगावं तर एका आईच्या हातातलं मूल मी ओढून घेतल्यासारखं, न सांगावं तर तिच्या हातात टाचणी.  समोर त्यांची कागद फिरवून काढलेली चक्रं पडली होती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्या दुपारी मंदोदरीने काय काय विचारलं ते आठवत होते.

धडा रंगला होता त्या दिवशी, खोटं कशाला बोलू. आधी कार्डावर एक आकृती काढायची. तिच्यावर बटर पेपर ठेवून ती उतरवायची. मग टाचणी दोन्ही कागदांतून पुठ्ठ्यात रुतवायची आणि वरचा कागद पाव फेरा फिरवायचा, पुन्हा उतरवायची, पुन्हा पाव फेरा. शबानाचं चार पाकळ्यांचं फूल असं सुबक आलं की तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या. हौसाबाईने पोपट काढला.

मग मी अर्ध्या फेऱ्याची युक्ती सांगितली. "दोघी दोघी समोरासमोर बसा. मधे कागद ठेवा. तुला जशी दिसते तशीच समोरचीला दिसली, तर ती आकृती अर्ध्या फेऱ्याची. कारण समोरची म्हणजे काय? तुझ्यापासून अर्धा फेरा फिरलेली बाई."

"आगं बया, शबाने, तुझ्याकडनं माझा पोपट मेलाय की!" हौसाबाई म्हणाली, आणि सगळ्या हसता हसता लोळायला लागल्या. रेणूही हसली. ती आमच्यातच लुडबुडत होती, प्रत्येकीचं चक्र फिरवून बघत होती.

मंदोदरी तेवढी हसली नाही. तिने फूल काढलं नव्हतं, पान नाही, पाखरू नाही. नुसते ठिपके. मधे एक, त्याच्या वर तीन वाकडे चढत गेलेले, खाली तीन तसेच वाकडे उतरत गेलेले. रेणूला समोर बसवून तिने विचारलं, "तुला कसं दिसतंय?" रेणूने बोटाने ठिपके काढून दाखवले. मंदोदरीने कागद फिरवून खात्री केली. मग मला म्हणाली, "बाई, आन् ही आकृती वाढली तर?"

"वाढली म्हणजे?"

"मोठी झाली. ताणली. तरी समोरचीला तशीच दिसंल का?"

मी खूश झाले. इतका चांगला प्रश्न मला शाळेतल्या मुलांनीही कधी विचारला नव्हता. "सगळीकडून सारखी वाढली तर तशीच दिसेल. थोडी वेडीवाकडी झाली तरी ओळखू येईल."

"वळखू येईल," ती म्हणाली, आणि पुन्हा ठिपक्यांवर खडू फिरवत बसली. त्यानंतर ती कधी उठली ते मी पाहिलं नाही. हौसाबाईच्या पोपटात मी गुंतले होते.

आणि आता रेणूही नव्हती!

 इतका वेळ मी फक्त मंदोदरीसाठी भीत होते. एकटीने काही केलं तर, असं. पण पोरीला घेऊन गेली असेल तर? सोमवारनंतर माझं काय काम म्हणणारी बाई पोरीला मागे कशाला ठेवेल? तिने एकदा वरवंटा उचललेला आहे, हे माझ्या मनाने त्या क्षणापर्यंत कधी मला आठवू दिलं नव्हतं. आता दिलं.

"वैजयंताबाई, हात धुऊन येते हो! खळीने माखलेत," मी ओरडले.

"लवकर या. गिनतीची येळ झालीये."

बराकीच्या मागे कपडे धुवायचा हौद होता, वर पत्रा आणि एका बाजूला माणसाच्या उंचीची भिंत. त्या वेळी तिथे कुणी नसे. अंगण ओलांडताना मी पावलं मोजत होते. पळावंसं वाटत होतं आणि पळता येत नव्हतं, कारण पाठीवर वैजयंताबाईंची नजर. तोंडाने रामरक्षा म्हणायला गेले तर पहिल्या ओळीपुढे आठवेना. बाईऽ, असं कुणी ओरडेल, आत्ता ओरडेल, असं वाटत होतं. कुणी ओरडलं नाही. भिंतीच्या अलीकडे पोचले तेव्हा मला आवाज आला. लहान मुलाने तोंडात काही कोंबून धरल्यावर घशातून येतो तसा. बारीक, थांबून थांबून.

मी भिंतीला वळसा घातला.

कपडे धुवायच्या दगडावर रेणू बसली होती. तोंडात आईच्या पदराचा बोळा, डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी. तिचा डावा हात मंदोदरीने गुडघ्यावर दाबून धरला होता. दगडावर रक्ताचे थेंब होते. मंदोदरीच्या उजव्या हातात टाचणी होती.

"मंदोदरी!"

 मी धावले आणि तिचं मनगट पकडलं. ती माझ्याहून कितीतरी दणकट. तरी तिने झटका दिला नाही. वर पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हात नका हलवू. वाकडं हुईल."

तेव्हा मला पोरीचा हात दिसला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, काळे ठिपके. वर तीन, खाली तीन. त्यांच्या कडेने रक्त पाझरत होतं. शेजारी रेणूच्या काजळाची डबी उघडी पडली होती. आणि मंदोदरीच्या स्वतःच्या हातावर तेच, सुजलेलं, लाल, पण पुरं झालेलं.

गोंदण. ती गोंदत होती! मी तिथेच ओल्या जमिनीवर फतकल मारून बसले. तोंडातून शिव्या आल्या. मी आयुष्यात दिल्या नव्हत्या तशा शिव्या त्या बाईला दिल्या.

"अगं मूर्ख बाई, मी मेले असते! तू... मला वाटलं तू... आणि हे काय? गंजलेली असली म्हणजे? पोरीचा हात पिकला म्हणजे? सांगायचं नाही मला?"

"सांगितलं आसतं तर दिली आसती टाचणी?"

 दिली नसती.

"काजळानं आमच्याकडं समद्याच पोरींना गोंदतात. मला माझ्या आज्जीनं गोंदलं व्हतं," ती म्हणाली. "कुनाचा हात पिकत न्हाई."

"पण कशासाठी गं? ती बालगृहात चाललीये, जंगलात नाही. कागदपत्रं असतात, फोटो असतो, नाव असतं."

मंदोदरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी पोरकट बोलले होते.

"मीबी तसल्याच घरात वाढलीये, बाई," ती म्हणाली. "माझी आई दवाखान्यात व्हती. लई वर्सं. डोस्क्याचा आजार. मला संस्थेत ठिवलं. बरी झाल्यावर न्यायला आली. आम्ही पोरी वळीनं हुब्या. समद्यांचा येकच झगा, समद्यांची डोकी सारकीच भादरलेली. तिनं येकेकीचं तोंड बघितलं. माझ्या म्होरं आली, मला बघितलं, आन् फुडं गेली."

अंगणात शिट्टी वाजली. गिनतीची पहिली शिट्टी.

"फुडं गेली आन् तिसरीचा हात धरला. ती पोरगी बी 'आई' म्हनून बिलगली तिला. तिला काय, कुनीबी आई चालली आसती. मला बोलताच येईना. भ्यानं. मोठ्या बाईंनी कागद काढला, नाव वाचलं, म्हनल्या ही न्हवं, ती. मंग आईनं मला नेलं. नेलं बाई, सांभाळलं बी. पर जलमभर तिला वाटायचं कागदात चूक झाली आसंल. जेवायला वाढता वाढता थांबायची आन् माझ्याकडं बघत बसायची. मरताना बी म्हनली, खरं सांग, तू माझीच ना गं?"

"पण तुला आज्जीने गोंदलं होतं म्हणालीस."

"तुळस गोंदली व्हती. त्या वळीत चौघींच्या हातावर तुळस व्हती बाई. समद्या गावात तुळसच गोंदतात."

दुसरी शिट्टी झाली. अंगणात बायकांचे पाय वाजायला लागले. वैजयंताबाईंची हाक आली, "नेर्लेकर बाई! ओ बाई!"

मी टाचणीकडे हात पुढे केला. "दे इकडे. चल, ऊठ."

तिने टाचणी मुठीत घट्ट केली आणि पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

"येकच ठिपका ऱ्हायलाय. मधला. त्याच्याबिगर ही आकृती कुनाचीबी हुईल. माझ्या हातावर सात, तिच्या हातावर सा. ती म्होरं हुबी ऱ्हाईल तवा तिला आन् मला येकच दिसायला पायजे. तुम्हीच शिकिवलं ना? बाई, पाया पडते."

तिच्या तोंडावर इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं होतं, इथे घाबरलेली मी एकटीच आहे.

रेणूने तोंडातला बोळा काढला. "लई दुखतंय," ती मला म्हणाली, तक्रार केल्यासारखी. "पर मी रडत न्हाई."

पावलं हौदाकडे वळलेली मला ऐकू येत होती. मी रेणूच्या शेजारी दगडावर बसले, तिचं डोकं माझ्या छातीशी दाबलं आणि दुसऱ्या हाताने तिचा हात कोपरापाशी घट्ट धरला, हलू नये म्हणून.

"कर," मी म्हणाले. "लवकर कर."

वैजयंताबाई भिंतीला वळसा घालून आल्या तोवर टाचणी माझ्या मुठीत होती आणि मी रेणूचं तोंड धूत होते. फाटकावर टाचणी दिली तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरली. टोक काळं होतं. त्यांनी माझ्या ओल्या लुगड्याकडे पाहिलं, टाचणीकडे पाहिलं आणि काही न बोलता मला बाहेर सोडलं. रस्त्यावर आले आणि भर रहदारीत मला उलटी झाली.

पण लपणार कुठे? सोमवारी पोरीला न्यायच्या आधी डॉक्टरने तपासलं, हात सुजलेला होता, ताजं गोंदण दिसलं. बोरगावे मॅडमांनी मला बोलावून घेतलं नाही, फक्त निरोप पाठवला. वर्ग बंद. बराकीची झडती झाली, ती झालीच. मंदोदरीच्या भेटीगाठी काही महिने बंद झाल्या. हौसाबाईची दहावी राहून गेली, आणि त्याबद्दल तिने मला पुढे भरपूर ऐकवलं. सगळं मला मान्य आहे. आजही ती पोर माझ्यासमोर दगडावर बसली तर मी पुन्हा तिचा हात धरीन.

खालच्या कोर्टात शिक्षा झालेली मंदोदरी वरच्या कोर्टात सुटली तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. ती थेट माझ्या दारात आली. हातात एक पिशवी, डोळे खोल गेलेले. मी पाणी दिलं, तेही न पिता म्हणाली, "बाई, माझ्यासंगं चला. मला येकटीला भ्या वाटतंय."

रेणूचं बालगृह मधल्या काळात दोनदा बदललं होतं, आणि इतक्या वर्षांत मायलेकींची एकदाही भेट झाली नव्हती. आम्ही तिसऱ्या गावी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. अधीक्षक बाई कागद शोधत होत्या. त्या म्हणाल्या, रेणुका नावाच्या त्या वयाच्या तिघी आहेत, थांबा जरा. आम्हाला व्हरांड्यात बाकावर बसवलं. समोरून मुली ताटं घेऊन रांगेने निघाल्या. सगळ्यांचे निळे पंजाबी ड्रेस, सगळ्यांच्या तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. मी इतकी वर्षं पोरांमध्ये काढलेली बाई, पण मलाही त्यातली एक दुसरीपासून वेगळी काढता येईना.

मंदोदरीने माझा हात धरला. तिच्या बोटांनी माझी बोटं दुखायला लागली. मी वळून पाहिलं तर तिने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"तुम्ही बघा बाई. मला न्हाई बघवत. मी दुसरीचाच हात धरला तर?"

"अगं, कागद येतोय आत्ता."

"कागद नगं!"

रांग थांबली होती. मुली आमच्याकडे बघत होत्या. तिथे कुणी भेटायला आलं की सगळ्याच बघत असणार. मग त्यांतली एक, उंच, शेलाटी, रांगेतून बाहेर आली. तिने ताट खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी डोळे मिटून बसलेल्या बाईकडे पाहिलं. आणि काही न विचारता तिने आपली डावी बाही कोपरापर्यंत वर केली.

 मी मंदोदरीला हलवलं.

"डोळे उघड गं," मी म्हणाले. "मंदोदरी, डोळे उघड."